एक जूनची चौकशी

अनुभव लिहायला माणूस निवृत्त तरी हवा, निदान त्याचे केस तरी पिकलेले हवेत, असं मला वाटायचं. माझं बीएस्सीचं शेवटचं वर्ष चालू आहे. काम करते तेही पूर्णवेळ नाही, कॉलेज सुटल्यावर आणि सुट्ट्यांत. त्यामुळे या अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा असं संपादकांनी कळवलं तेव्हा मी आधी नको म्हटलं. पण थोरात मॅडम म्हणाल्या, "लिही की. तू जे बघितलंस ते मीसुद्धा इतक्या वर्षांत एकदाच बघितलं." म्हणून लिहिते आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

माझं गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. भात, नाचणी, वरई आणि हंगामात हिरडा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. मंचरला वसतिगृहात राहते आणि संख्याशास्त्र शिकते. पुढे ॲक्च्युअरी व्हायचं आहे. हा शब्द घरी समजावताना माझी पुरेवाट झाली होती. विमा कंपनीनं किती हप्ता घ्यावा, कारखान्यानं कामगारांच्या निवृत्तीसाठी आज किती बाजूला ठेवावं, हे ठरवायला माणसं साधारण किती जगतील, किती वर्षं नोकरीत टिकतील याचा अंदाज लागतो. तो अंदाज बांधून खाली सही करणारा माणूस म्हणजे ॲक्च्युअरी. माझ्या वडिलांनी, आबांनी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी मानूस कवा मरंल त्याचं गणित. असलं लोकांत सांगत बसू नको, कोनी दारात उभं करायचं न्हाई."

थोरात मॅडम याच व्यवसायातल्या. मुंबईत आयुष्य काढून आता कळंबला भावाच्या मळ्याशेजारी घर बांधून राहतात. त्यांच्याकडे मी कागद लावायचं काम करते. पण कुठले कागद, ते सांगायला हवं.

डॉक्टरांची, वकिलांची असते तशी ॲक्च्युअरींचीही एक संस्था असते. एखाद्या सभासदानं काम नीट केलं नाही, खोटं केलं, अशी तक्रार कुणी केली की संस्था आधी त्याच्याकडून लेखी उत्तर मागवते. तक्रारीत तथ्य दिसलं तर शिस्तपालन समितीपुढे सुनावणी होते. समिती ताकीद देऊ शकते, दंड करू शकते, काही काळासाठी किंवा कायमचं नाव काढून टाकू शकते. नाव गेलं की सही गेली, आणि ॲक्च्युअरीजवळ सहीखेरीज विकायला काही नसतं. अशा सुनावणीला सभासद आपल्याबरोबर दुसरा जाणकार सभासद नेऊ शकतो. मॅडम ते काम करतात. त्यामुळे कळंबच्या त्या घराच्या पायऱ्या चढणारा प्रत्येक माणूस घाबरलेला असतो. मी त्याला पाणी देते, कागद घेते, पानांना क्रमांक घालते आणि कोपऱ्यात बसून टिपणं काढते. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही ही पहिली अट. इथे लिहिलेल्या सगळ्यांची परवानगी घेतली आहे आणि नावं बदलली आहेत.

सुरुवातीला मला वाटायचं, अंदाज चुकला म्हणून या लोकांना पकडतात. मॅडम हसल्या. "अंदाज तर चुकणारच गं. तो अंदाज आहे. अंदाज चुकणं हा गुन्हा नाही. तिथवर कसा पोचलास, ते विचारतात."

माझ्यासमोर आलेलं पहिलं प्रकरण चाकणकडच्या एका मुलाचं. अजून परीक्षा देत होता, म्हणजे संस्थेचा नुसता विद्यार्थी सभासद. त्याच्या लग्नपत्रिकेत नावापुढे कंसात ॲक्च्युअरी असं छापलं होतं. बरोबरीच्या एका मित्रानं पत्रिकेचा फोटो काढून तक्रार केली. तो मित्र लग्नाला आला होता आणि जेवूनही गेला होता, याचं त्या मुलाला जास्त दुःख होतं.

"मामानं छापली मॅडम," तो म्हणाला. "मामाची हौस. त्यानं स्वतःच्या नावापुढंसुद्धा माजी उपसरपंच टाकलंय, आणि तो कधीच नव्हता."

"पत्रिका छापायच्या आधी तुला दाखवली होती?"

"दाखवली होती. मी फक्त मुहूर्त बघितला."

"नाव कुणाचं होतं?"

शेवटी त्यानं लिहून दिलं: पत्रिका माझी होती, मी वाचायला हवी होती. त्याला ताकीद मिळाली. मामाचं काही झालं नाही.

दुसरे एक मोठे गृहस्थ पुण्याहून आले. त्यांनी आणलेलं उत्तर इतकं जाड होतं की मला ते एका फाइलमध्ये बसवता येईना. मॅडमनी ते वाचून परत दिलं. "यात सगळं आहे," त्या म्हणाल्या, "असं गृहीत धरण्यात आलं, तसं तपासण्यात आलं, अमुक राहून गेलं. पण यात माणूसच नाही हो कुणी. तुम्ही त्या वेळी कुठं होता?" ते रागावून निघून गेले. पुढच्या आठवड्यात परत आले तेव्हा हातात मोजकीच पानं होती.

हे सांगायचं कारण, तोवर मला वाटायला लागलं होतं की मला या कामातलं कळतं. मग भिसे सर आले.

सर येडगावचे. माझ्या पहिल्या वर्षाला ते आमच्या कॉलेजात बोलायला आले होते. फळ्यावर एक आडवी रेघ काढून म्हणाले, ही एका माणसाची नोकरी. आणि मग त्या एका रेघेवर त्यांनी मरण, आजारपण, लग्न, शेतीकडे परत जाणं असं सगळं मांडलं. मी संख्याशास्त्र घेतलं ते त्या रेघेमुळे. आमच्या बाजूचा, आमच्यासारखं बोलणारा माणूस हे करू शकतो, याचंच मला नवल वाटलं होतं. नारायणगावला त्यांचं ऑफिस आहे, इथल्याच काही मुलामुलींना त्यांनी कामाला घेतलंय. पुढे आपणही तिथं जावं असं माझ्या मनात होतं. तर एका दुपारी मोटारसायकलवरून ते मॅडमच्या अंगणात उतरले आणि मी नेहमीसारखं पाणी घेऊन गेले. ते मॅडमना भेटायला आलेत असंच मी समजत होते. कागद त्यांनी माझ्याकडे दिले तेव्हा कळलं.

प्रकरण असं होतं. आपल्याच भागातल्या एका दूध संघातल्या कामगारांच्या ग्रॅच्युइटीचं काम सर करत. संघाकडून दर वर्षी कामगारांची माहिती यायची: जन्मतारीख, कामावर लागल्याची तारीख, पगार. त्यावरून हिशेब करून सर सही करायचे. पुढे संघानं ते काम मुंबईच्या एका ॲक्च्युअरीकडे तपासायला दिलं. त्यानं पाहिलं तर कामगारांतल्या निम्म्याहून जास्त लोकांची जन्मतारीख एक जून. त्यानं तक्रार केली: ही माहिती उघडउघड बनावट दिसते आहे, आणि यांनी एकही प्रश्न न विचारता तिच्यावर सही केली.

मी ते वाचलं आणि मला हसूच आलं. मराठी वाचकाला हे सांगायची गरज नाही. पूर्वी खेड्यात जन्माची नोंद कोण करत होतं? पोराला शाळेत घालायला आणलं की हेडमास्तर त्याच्याकडे बघून वर्ष धरायचे आणि तारीख लिहायचे एक जून, म्हणजे शाळा उघडायच्या वेळेला वय बरोबर बसतं. आमचे आबा एक जूनचे. चुलते एक जूनचे. आईचीसुद्धा तीच. अर्धा तालुका एकाच दिवशी जन्मलेला आहे.

मला वाटलं, सर सुटले. मुंबईच्या माणसाला हे माहीत नाही एवढंच. मी न राहवून मध्येच बोलले, "मॅडम, हे बनावट नाहीच. आमच्या घरात सगळ्यांची एक जून आहे. आणि निवृत्ती तर कागदावरच्या तारखेनंच होते. मग हिशेब चुकला कुठं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "शैला, तक्रार परत वाच. हिशेब चुकला असं म्हटलंय का?"

नव्हतं म्हटलं. न विचारता सही केली, एवढंच म्हटलं होतं.

"सुदाम," मॅडम सरांना म्हणाल्या, "तू विचारलं होतंस का संघाला?"

"नाही," सर म्हणाले. "माझी स्वतःची एक जून आहे मॅडम. त्या तारखा मला दिसल्यासुद्धा नाहीत. आपल्या गावची हवा दिसते का कुणाला?"

ते ऐकून मी गार पडले. मुंबईच्या माणसाला काही माहीत नव्हतं, म्हणून त्याला शंका आली. सरांना सगळं माहीत होतं, म्हणून आली नाही. ही चूक इथला माणूसच करू शकतो.

ही गोष्ट संघात पोचायला वेळ लागला नाही. दोनच दिवसांत, सर मॅडमकडे बसलेले असताना, संघाच्या आस्थापना विभागाचे पोखरकर भाऊ कळंबला हजर झाले. मोठे उत्साही गृहस्थ. येताना पनीर घेऊन आले होते, ते मॅडमनी दारातच परत त्यांच्या हातात ठेवलं.

"काय राव सर तुमी," पोखरकर भाऊ बसता बसता म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीला घाबरता व्हय? मी लिहून देतो ना. सरांनी मला फोनवर इचारलं व्हतं, मी सांगितलं व्हतं की तारखा बरोबर हायेत. मागची तारीख टाकतो, शिक्का मारतो. इषय संपला."

"फोन केला नव्हता मी, भाऊ."

"आता फोन काय एकच करता का तुमी? एखाद्या फोनात इचारलं आसंल."

मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांची ती रीतच आहे. काय लिहावं हे त्या कधी सांगत नाहीत, कितीही विचारलं तरी. आलेला माणूस काय ठरवतो ते बघत बसतात. मी मात्र, खरं सांगते, मनात म्हणत होते की सर, घ्या ते पत्र. त्यात खोटं तरी किती होतं? तारखा खऱ्याच होत्या. विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. आणि सरांचं नाव गेलं तर नारायणगावचं ऑफिस बंद, ती सगळी मुलं घरी.

सरांनी कामगारांची यादी पुढं ओढली. मग म्हणाले, "भाऊ, तेव्हा विचारलं नाही. आता विचारतो. या सगळ्या एक जून शाळेच्या दाखल्यावरच्या आहेत का?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

पोखरकर भाऊंनी पनीरची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आता बगा, ज्यांनी शाळाच बघितली न्हाई, त्यांचा दाखला कुठनं आनायचा? डोंगराकडली मान्सं, बाया. मग काय, रीतच हाय आमच्यात. दाखला नसला की एक जून टाकायची."

"आणि वर्ष?"

"वर्ष तेवढं मानूस बघून."

मी टिपण काढत होते, माझं पेन थांबलं.

त्यानंतर सरांनी जे केलं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लेखी उत्तराची मुदत चालू होती. तेवढ्या दिवसांत त्यांनी संघाच्या प्रत्येक शीतकरण केंद्रावर जाऊन, दाखला नसलेल्या प्रत्येकाला स्वतः भेटायचं ठरवलं. डोंगराकडच्या बायका परक्या माणसाशी मोकळं बोलत नाहीत म्हणून मला बरोबर घेतलं. मॅडमनी सुट्टी दिली. "जा," म्हणाल्या, "हेही कामच आहे."

आमच्या घाटाखालच्या एका केंद्रावर चिंधाबाई भेटली. कॅन धुण्याचं काम करते. काटक बाई, केस सगळे पांढरे. कागदावर तिची निवृत्ती येत्या मे अखेरीला होती. घरात कमावणारी ती एकटी, नातीचं शिक्षण तिच्यावर.

"मावशी, तुमचा जन्म कधीचा?" सरांनी विचारलं.

"मला काय म्हाईत? हापिसात लिवलंय की."

"हापिसातलं राहू द्या. तुम्हाला काय आठवतं ते सांगा. धरणाचं काम चालू झालं तेव्हा केवढ्या होता?"

तिनं हातातला कॅन खाली ठेवला. "तवा? तवा आय माजी धरणावर पाट्या टाकायची. मी तिच्या लुगड्याला धरून मागं मागं. दूध सुटलं व्हतं, पर चालताना पडायची. मुकादम म्हनायचा, हिला घरी ठिवून ये. आय म्हनायची, घरी कोन हाय?"

सरांनी मनात वजाबाकी केली. मीही केली. कागदावरच्या वयानुसार ती त्या वेळी शाळेत जाण्याएवढी मोठी असायला हवी होती. म्हणजे लिहिणाऱ्यानं तिला बरीच वर्षं जास्त लावली होती.

मी हे तिला समजावून सांगितलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "आसं व्हय. मला वाटलं, सरकारचाच हिशोब आसंल. केस लवकर पिकलं माजं, म्हनून म्हातारी धरली का काय?" आणि हसायला लागली. बाकीच्या बायकाही हसल्या. सर हसले नाहीत. ते कठड्यावर बसून होते आणि ओल्या फरशीकडे बघत होते.

परत येताना वाटेत घोडेगावला चहा घेतला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शैला, मी दर वर्षी हिच्यावर सही करत होतो."

चिंधाबाईसारखी आणखी काही माणसं निघाली. काहींना जास्त वय लावलेलं, काहींना कमी. सगळं लिहून आम्ही कळंबला आलो. मॅडमनी पानं वाचली, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच त्यांनी आपण होऊन सल्ला दिला.

"सुदाम, तक्रारीत हे नाही. तक्रार करणाऱ्याला हे ठाऊकही नाही. कामगारांसाठी संघाला कळव, ते वेगळं. पण समितीपुढे हे तू ठेवलंच पाहिजेस असं नाही. ठेवलंस तर तुझ्याविरुद्ध सगळ्यात मोठा पुरावा तूच दिलास असं होईल. आत्तापर्यंत न विचारल्यानं काही बिघडलं नाही असं म्हणता येत होतं. आता ते म्हणता येणार नाही."

"ते माझ्या लक्षात आलंय."

"मग?"

"मग काय मॅडम. त्यांनी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, असं करू? असंच न विचारता राहिलो म्हणून तर आलोय ना इथं."

मॅडमनी चष्मा परत लावला आणि पानं माझ्याकडे दिली. "क्रमांक घाल," म्हणाल्या.

सुनावणी व्हिडिओवर झाली, मॅडमच्या दिवाणखान्यातून. सर सकाळीच आले. लेण्याद्रीला जाऊन आले होते, कपाळावर गंध होता. तो त्यांनी पुसावा की ठेवावा यावर मॅडमशी थोडी चर्चा झाली आणि ठेवायचं ठरलं. वीज जाईल म्हणून शेजारचं इन्व्हर्टर आणून ठेवलं होतं. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले. बोलणं इंग्रजीत झालं, मला जमेल तसं मराठीत सांगते.

पडद्यावर समितीचे लोक होते. अध्यक्ष वयस्कर, आवाज अगदी हळू. मला वाटलं होतं कोर्टासारखं काही असेल, आरडाओरडा, आरोप. तसं काहीच नव्हतं. ते सरांना सर म्हणत होते, आणि तेच जास्त भीतीदायक होतं.

सरांनी एक जूनची गोष्ट सांगितली. एक सदस्य उत्तरेकडचे होते, ते म्हणाले, "आमच्याकडे एक जुलै असते. माझ्या वडिलांची तीच आहे." पडद्यावर सगळेच जरा हसले. अध्यक्षही हसले. माझा जीव भांड्यात पडला.

मग अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे या तारखांचं कारण तुम्हाला माहीत होतं."

"मला माहीत आहे असं मला वाटत होतं."

"तुम्ही संघाला विचारलं होतं का?"

"नाही."

"सही करताना, मी हे तपासलं नाही असं कुठे नमूद केलं होतं का?"

"नाही."

"का विचारलं नाही?"

सरांनी मॅडमकडे बघितलं नाही. समोर बघत म्हणाले, "मी तिथला आहे म्हणून. परका असतो तर विचारलं असतं."

अध्यक्षांनी पान उलटलं. "ही चौकशी तुम्ही तक्रारीनंतर केलेली दिसते. हिच्यात तुमच्या बाजूचं काहीच नाही. ही का जोडलीत?"

"त्यातली एक बाई मे अखेरीला निवृत्त होते आहे," सर म्हणाले. "तिचं वय मी तेव्हाच विचारलं असतं तर ती आज काळजीत नसती. तुम्ही माझ्या कामाचा निकाल देणार आहात. माझं काम काय होतं ते पूर्ण दिसायला हवं, असं मला वाटलं."

पडद्यावरचं चित्र हलेना. नेट गेलं की काय म्हणून मी पडद्याकडे डोकावले. गेलं नव्हतं. सगळे तिथंच होते.

हे लिहिताना मला नीट शब्द सापडत नाहीत. घाटाच्या वर उभं राहून खाली धुकं बघताना माणूस गप्प होतो, तसं काहीसं मला तेव्हा झालं होतं. तोवर मी शिक्षा म्हणजे वरून येणारी गोष्ट समजत होते. मास्तर देतात, पोलीस देतात, नशीब देतं. इथे एक माणूस स्वतःच्या हातानं स्वतःला मोजत होता, वजनात काही लपवत नव्हता, आणि समोरची माणसं ते मोजणं अदबीनं बघत होती. असा एक व्यवसाय जगात आहे, आणि त्याच्या उंबऱ्याशी मी बसले आहे, असं वाटून मला भीतीही वाटली आणि अभिमानही.

निकाल येईपर्यंत सरांनी सही करणं स्वतःहून बंद ठेवलं. त्याचीही कुणी सक्ती केली नव्हती. ऑफिसातली मुलं दुसऱ्यांकडचं फुटकळ काम आणून दिवस काढत होती. येडगावात बातमी झालीच. सरांच्या आईला कुणी म्हणालं, तुमच्या सुदामवर केस झालीय म्हणे. म्हातारी म्हणाली, "व्हय. त्यानंच सगळं सांगितलं त्यांना. बारकेपनी पन आसाच व्हता, मार खायचा पर सांगायचा."

निकाल आला. नाव राहिलं. पण लेखी ताकीद मिळाली, आणि ती संस्थेच्या मासिकात नावासकट छापून आली. निकालात म्हटलं होतं त्याचा अर्थ असा की सभासदानं नंतर दाखवलेला प्रामाणिकपणा शिक्षा ठरवताना विचारात घेतला आहे, परंतु त्यामुळे मूळ चूक पुसली जात नाही. मला तेव्हा ते कठोर वाटलं. मी मॅडमना म्हटलं, निदान छापायला नको होतं.

"का?" मॅडम म्हणाल्या. "दूध संघाच्या त्या बाईला कुणावर तरी विश्वास टाकायचाय ना? तिला सही वाचता येत नाही. मग सही करणाऱ्यावर कुणाचं तरी लक्ष आहे, एवढं तरी तिला कळायला हवं."

दूध संघानं दाखले नसलेल्या सगळ्यांना सरकारी दवाखान्यात वय ठरवून घ्यायला पाठवलं. चिंधाबाई अजून कॅन धुते आहे. मध्ये भेटली तेव्हा म्हणाली, "त्या सरांना सांग, मी ल्हान झाले."

निकालानंतर सर पहिल्यांदा मॅडमकडे आले ते पेढे घेऊन नाही, नवीन काम घेऊन. एका पतसंस्थेची माहिती आली होती, मला सवय व्हावी म्हणून त्यांनी ती माझ्यापुढेच उघडली. वरून खाली बघत गेले आणि एके ठिकाणी बोट थांबलं. एक जून. त्यांनी लगेच फोन उचलला.

"नमस्कार पावणं. एक विचारायचं होतं. हो, मला माहीत आहे. माहीत आहे तरी विचारतोय."

त्या शनिवारी मी गावी गेले. आई अंगणात नाचणी पाखडत होती. मी ओट्यावर बसले. मॅडमसमोर मी ठासून सांगितलं होतं की आईची तारीख एक जून; रेशनकार्डावर आहे, आधारवर आहे. पण मला आठवेना की आपण तिला कधी विचारलंय.

"आई, तुझा जन्म कधीचा गं?"

"एक जून. कागदावर हाय की."

"ते माहीत आहे. खरा कधीचा?"

सूप हातातच राहिलं. मी तिची चेष्टा करते आहे का ते तिनं बघितलं. मग सूप बाजूला ठेवून तिनं हात झटकले.

"हिरडा यायचा व्हता," ती म्हणाली. "आन आदल्या दिशी आमची कपिली गाय येली व्हती. माजी आजी म्हनायची, घरात दोघी आल्या. बारकी पन, आन वासरी पन." ती हसली. "त्या वासरीवर लई जीव व्हता माजा. माजीच भन म्हनायचे मी तिला."

मी इतकी वर्षं त्या घरात राहिले, आणि माझ्या आईला एक बहीण होती हे मला माहीत नव्हतं.

"कधी सांगितलं नाहीस ते," मी म्हटलं.

आईनं सूप परत उचललं. "तू कवा इचारलं?"